गावंडेकाकूंचं मौन

गावंडेकाकूंना सांगितलेली कोणतीही गोष्ट दोनदा ऐकू येते. एकदा तुमच्या तोंडून, आणि लगेच त्यांच्या तोंडून दुप्पट मोठ्यानं. मी फाटकाशी उभं राहून सहज म्हणावं, "काकू, आज ढगाळ वाटतंय," की काकू घराकडे तोंड करून गरजणार, "ढगाळ वाटून राहिलं म्हणते!" भाजीवाली म्हणाली मेथी ताजी आहे, की "मेथी ताजी आहे म्हणते!" माझ्या मुलीचं लग्न ठरत आल्याचं मी त्यांना अगदी विश्वासात घेऊन सांगितलं, तर गल्लीच्या टोकाचा किराणावाला दुकानातून हात हलवून माझं अभिनंदन करायला लागला.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत या 'म्हणते'चा एवढा वैताग होता, की काही खाजगी बोलायचं झालं तर लोक गच्चीवर जायचे. तशा काकू मनानं फार चांगल्या. कोणाकडे ताप आला की पहिली खिचडी त्यांच्याच घरून येते. फक्त ती कोणासाठी चालली आहे आणि त्याला जुलाबही होताहेत का, हे खिचडीच्या आधी सगळ्यांना कळलेलं असतं.

त्यांचे यजमान गावंडेकाकाजी अगदी उलट, शांत माणूस. धरमपेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ न उघडता, नुसता कान लावून ते बिघाड सांगायचे. दुकान कधीच बंद झालं, पण तो अभिमान काही गेला नाही. "डोळ्यानं काय समजते गा? फॉल्ट कानानं पकडा लागते," असं व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असतात.

यंदा दिवाळीच्या तोंडावर काकूंचा आवाज फाटला. आधी घोगरा झाला, मग बोलता बोलता मध्येच गुल व्हायला लागला. गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. शेवटी मी त्यांना आमच्या रुग्णालयात घेऊन गेलो. मी तिथं कार्यालयात कारकून आहे, तेवढीच माझी वैद्यकीय पात्रता.

आमचं रुग्णालय कॉलेजचं. तिथं एका घशात अख्खा वर्ग डोकावतो. नाक-कान-घसा विभागाच्या मॅडमनी काकूंची जीभ फडक्यात धरली, दुर्बीण आत घातली आणि म्हणाल्या, "आता ई म्हणा." काकूंनी अशी काही ई काढली की बाहेरच्या रांगेतली माणसं दारात येऊन उभी राहिली. समोरच्या पडद्यावर त्यांचे स्वरतंतू दिसत होते, आणि दोन्हींवर समोरासमोर बारीक गाठी.

"ओरडून ओरडून होतं हे," मॅडम विद्यार्थ्यांना म्हणाल्या. "आता यांना काय विचाराल?"

एक मुलगी पुढे झाली. "काकू, तुमच्या घरी कोणाला कमी ऐकू येतं का?"

"कोणालेच नाही!" काकू फाटक्या आवाजात कडाडल्या आणि चटकन दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर काकाजी बसले होते. "आमच्या घरी सगळ्याइचे कान ठणठणीत आहे!"

मॅडमनी सांगितलं, आठवडाभर पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानंही तंतूंवर ताण येतो. असंच चालू राहिलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही. काकू काहीतरी बोलणार, तोच मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

त्या दिवशी आमच्या गल्लीनं जवळजवळ सण साजरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी माझ्या फाटकाशी आले. "काहून गा, भाजीवालीनं येणं बंद केलं का?"

भाजीवाली त्यांच्या पाठीमागेच उभी राहून कोथिंबिरीच्या नावानं ओरडत होती.

मी तोंड उघडलं, तर पलीकडे व्हरांड्यात काकू. त्यांनी जोरजोरात नकाराची मान हलवली आणि मला हात जोडले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जगाचं बोलणं काकाजींच्या कानापर्यंत पोचावं म्हणून काकू ते मोठ्यानं पुन्हा म्हणत होत्या. आणि फक्त त्यांच्याशीच मोठ्यानं बोललं तर त्यांना शंका येईल, म्हणून साऱ्या गल्लीशी तशाच बोलत होत्या. आम्ही ज्याला वैतागत होतो तो सगळा आरडाओरडा एका माणसासाठी होता. "कोथिंबीर घ्यायची का विचारतेय," असं मी काकाजींना ओरडून सांगितलं आणि आत गेलो.

पण काकूंना ते मौन झेपेना. दोन दिवसांनी पलीकडून घोगरी आरोळी आली, "सिलेंडर उद्या येते म्हणते!" मी धावतच गेलो. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"काकू, आवाज जाईल तुमचा!"

"जाऊ दे. माहा आवाज गेला तं चालते. पण कान गेला हे त्याइले समजलं नाही पायजे. त्याइच्यापाशी दुसरं काय आहे गा?"



फेरतपासणीला काकाजी हट्टानं आत आले. मॅडमनी दुर्बीण काढली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गाठी तशाच आहेत. तुम्ही बोललात. खरं सांगा काकू, घरी कोणाला कमी ऐकू येतं का?"

काकूंनी ठामपणे नाही म्हणून मान हलवली.

काकाजी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणून राहिल्या मॅडम?"

सवयीनं काकूंचं तोंड उघडलं. मॅडमनी हात वर केला. तोंड मिटलं.

"सांग ना वं!"

काकूंचे डोळे भरून आले. मला ते बघवेना. आणि काय झालं कोण जाणे, काकूंच्याच पट्टीत माझा आवाज फुटला, "घरी कोणाले कमी ऐकू येते का म्हणते!"

काकाजींनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्यावरच्या गाठींकडे, मग बराच वेळ काकूंकडे. काकू मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या.

"तिले नका तपासू, मॅडम," काकाजी म्हणाले आणि स्वतःच्या कानावर बोट ठेवलं. "फॉल्ट इकडे आहे."

शेजारच्याच खोलीत त्यांच्या कानाची तपासणी झाली आणि पुढे मशीनही मिळाली. ती कुठं खरखरते हे आता ते तिथल्या तंत्रज्ञालाच समजावून सांगतात, आणि तो मुकाट्यानं ऐकतो. काकू सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या ग्लासात नळी घालून आवाज काढत बुडबुडे सोडतात. तो त्यांचा व्यायाम आहे. गाठी बऱ्याच कमी झाल्या आहेत, आणि मॅडमनी हळू बोलायची परवानगी दिली आहे.

काल संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत होतो. काकू काकाजींच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसल्या होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या.

"हळू बोल वं," काकाजी माझ्याकडे बघत म्हणाले, "लोक ऐकून राहिले."

काकूंनी तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि पुन्हा सांगितलं. काकाजी खुर्ची हलेपर्यंत हसले. मी पाण्याचा नळ बंद केला, फाटकाला रेलून कान टवकारले, पण त्या काय म्हणाल्या ते काही मला ऐकू आलं नाही.