पेणकरांचा नंबर

शौल पेणकरांनी ठरवलंच होतं, आज इस्रायलच्या संसदेतल्या समितीची बिनपाण्याने हजामत करायची. म्हणे माजी सैनिकांच्या सोयींवर देखरेख ठेवणारी समिती! आणि तिच्या डोळ्यांदेखत मंत्रालय ओफाकिम गावच्या जखमी सैनिकांची गाडी बंद करायला निघालेलं. त्र्याहत्तरच्या लढाईत गुडघा गमावलेल्या माणसाने व्यायामाला बेर शेवाच्या इस्पितळात जायचं कसं, रांगत?

"तिकडे गप्प बसू नका हां," बायको सिपोराने बजावलं.

"अगं, ठाण्याच्या शाळेत शिकलेला माणूस मी. शिस्तीत बोलेन."

त्याच गाडीतून चार लंगडे दोस्त घेऊन ते जेरुसलेमला पोचले. दोस्त मागच्या बाकावर, शौल प्रतिनिधी म्हणून टेबलाशी.

समितीत सगळे एकदम बोलत होते, न बोलणारा टेबल बडवत होता. शौलनी हात वर केला. दुसऱ्याचं संपल्याशिवाय तोंड उघडू नये, हे मास्तरांनी छडीने शिकवलेलं. पण इथे कुणाचं संपेल तर शपथ! शिपायाने पाणी आणून ठेवलं. मग संडासाचा रस्ता दाखवला. हात वरच.

"अरे शौल, बोल की," मागून बारूख खेकसला.

"थांब रे. नंबर येऊ दे."

"बसगाड्या आहेतच," मंत्रालयाचा साहेब म्हणत होता. "सैनिकांचीही हरकत नाही."

"सैनिकांपैकी कुणाला हे मान्य आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

त्या गोंगाटात शौलना प्रश्न ऐकूच आला नाही. बाई आपल्याकडे बघताहेत एवढं दिसलं. आला नंबर एकदाचा! त्यांनी हात आणखी ताठ केला.

"लिहून घ्या, ओफाकिमची संमती. पुढचा विषय."

"बाई, पण मी विरोध..."

सगळे पुन्हा एकदम बोलू लागले. शौलनी पुन्हा हात वर केला.

बाहेर ड्रायव्हर उझी मान खाली घालून उभा होता. "फोन आला, पेणकरसाहेब. गाडी आत्ताच जमा करायची." जे सरकार साधी काठी द्यायला वर्ष लावतं, त्याचा हा हुकूम मात्र पायऱ्या उतरेपर्यंत अमलात आला होता.

पाचही जण बसथांब्यावर उभे राहिले. चौघांनी शौलकडे पाठ केली. बस आली आणि बारूख चढतो न चढतो तोच ड्रायव्हरने दार लावलं. मग मात्र शौलचं डोकं फिरलं. मराठीत सुरू केलं, हिब्रूत संपवलं. "उघड दार! लढाईत पाय घालवलेली माणसं आहेत ही! तुझ्या घाईपायी फरफटत जायची का?"

दार उघडलं. अख्खी बस चिडीचूप झाली. पाच जागा रिकाम्या झाल्या.

बारूख सावकाश बसला. त्याने गुडघा चोळला.

"काय आवाज आहे रे तुझा," तो म्हणाला. "सकाळी घरी ठेवला होतास काय?"