हृदयाची सुधारित आवृत्ती

आवृत्ती १.०

अमेरिकेत नेब्रास्कातल्या आमच्या हायस्कुलात शरीररचनेचं जुनं पुस्तक रद्द झालं आणि जीवशास्त्राच्या शिक्षिका मिसेस लोर्ना वावरा यांनी इंटरनेटवरून एक फुकटचं मानवी शरीर उतरवून घेतलं. मुलं ते लॅपटॉपवर गरागरा फिरवत, कातडी बाजूला करत, फासळ्या उचलून आत डोकावत. हृदय छातीच्या मधोमध निघालं. आमच्याकडे झेंड्यापुढची प्रतिज्ञा हृदयावर हात ठेवून म्हणतात; पुढच्या सोमवारी बावीस मुलांनी तो डावीकडे न ठेवता मधोमध ठेवला.

आवृत्ती १.१

शाळा मंडळाच्या सभेत प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. मिसेस प्रूस यांनी ती पुरती वापरली. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या हात डावीकडे ठेवत आल्या, त्यातले दोघे लढाईत गेले; ते काय फुफ्फुसावर हात ठेवून गेले, असा त्यांचा सवाल होता.

हृदय मधेच असतं, टोक तेवढं डावीकडे झुकतं, असं लोर्नाने सांगून पाहिलं. मंडळाचे अध्यक्ष व्हर्लिन ओल्टमन एके काळी तिचेच वर्गमित्र होते. आता डुकरं पाळतात.

"व्हर्लिन, तू जन्मभर डुकरं कापलीस," ती म्हणाली. "हृदय कुठे सापडतं?"

"मधोमध. पण डुकराला प्रतिज्ञा म्हणावी लागत नाही, लोर्ना."

तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, की हे साधन खुलं आहे, त्यात कुणीही बदल करू शकतो. पाच विरुद्ध दोन मतांनी हृदय तीन इंच डावीकडे सरकवण्यात आलं. मंजूर आवृत्तीखेरीज काही शिकवलं तर नोकरी जाईल, या अटीवर लोर्नाची सही घेतली.

आवृत्ती १.२

डाव्या फुफ्फुसाला जागा उरली नाही, म्हणून त्याची उजवीकडे बदली केली. प्लीहेविषयी कुणाला तक्रारही नव्हती आणि आपुलकीही नव्हती, म्हणून ती वगळली. शरीर आता चालताना उजवीकडे कलू लागलं. आमच्या परगण्यात हा दोष मानला जात नाही.

आवृत्ती १.३

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, याची परीक्षा पास केल्याशिवाय आमच्याकडे शाळेचा शेवटचा दाखला मिळत नाही. परीक्षेच्या रबरी पुतळ्याचा हिरवा दिवा मधोमध दाबलं तरच लागतो. बावीसच्या बावीस नापास झाले. त्यात अध्यक्षांची मुलगी टेसाही होती. जूनपासून तिला गावच्या अँब्युलन्सवर जायचं होतं.

तातडीची सभा भरली. पुतळा जुन्या आवृत्तीचा असल्याचं निष्पन्न झालं. दिवा डावीकडे हलवला. निकाल शंभर टक्के लागला, वर्तमानपत्रात फोटो आला.

आवृत्ती १.४ (इतिवृत्तात नोंद नाही)

टेसा प्रमाणपत्र घेऊन वर्गात थांबली. "मिसेस वावरा, खरा माणूस असला तर कुठे दाबू?"

लोर्ना उघड्या दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, घरी विचार.

रात्रीच्या जेवणाला टेसाने विचारलं, "डॅड, उद्या तूच पडलास तर?"

व्हर्लिनने काटा खाली ठेवला. उठून खिडकीचा पडदा ओढला. मग तिचा तळहात धरून आपल्या छातीच्या बरोब्बर मधोमध टेकवला. "इथे. जोरात. फासळी मोडली तरी थांबायचं नाही."

"आणि भर सभेत पडलास तर?"



"आधी लोकांना बाहेर काढ," तो म्हणाला.

आवृत्ती १.५

साधन अजूनही खुलं आहे. वाचकांनी आपापल्या भावनांनुसार बदल सुचवावेत. मंडळ प्रत्येकाचा विचार करील. खरी जागा मात्र कळवू नये. ती पडदा ओढल्यावर तुम्हालाही सापडते, याची मंडळाला कल्पना आहे.