डोंगरातल्या शर्यतीत नानांची पंगत

"मन्हा पंगतमाईन पाव्हना उपाशी उठना, ते हाई मिशी काढी टाकसू!"

सुकदेवनाना हे वाक्य इतक्या गंभीरपणे बोलत, की ऐकणारा आपोआप मांडी घालून बसायचा. साक्री तालुक्यातल्या कितीतरी लग्नांत वरण-बट्टीच्या पंगती त्यांनी वाढल्या होत्या. माणूस जन्माला येतो तो जेवायला आणि जगतो तो दुसऱ्याला आग्रह करायला, यावर त्यांची पक्की श्रद्धा होती.

त्यांची सून मेघा शाळेत असताना जिल्ह्यात पहिली धावायची. लग्नानंतर सगळं सुटलं. नवरा सुरतेला कामाला, घर आणि शेत तिच्या डोक्यावर. तरी वर्षभर ती पहाटे उठून शिवाराच्या रस्त्यानं धावत होती, कारण पिंपळनेरच्या डोंगरात पन्नास किलोमीटरची शर्यत होणार होती. बायकांत पहिली येईल तिची मोठ्या, राज्याच्या शर्यतीसाठी निवड होणार होती. मेघाला तेवढी एकच गोष्ट हवी होती.

"नाना, तठे मदत केंद्रवर मानसं लागतस. तुम्ही या ना," ती म्हणाली. "घरनं एक मानूस दिसनं म्हंजे पायमा जीव येस."

नानांना गहिवरून आलं. "तू काळजीच करू नको! असं केंद्र चालाडसू, का लोकं नाव काढतीन!"

आणि वाचकहो, लोकांनी नाव काढलं.

शर्यतीचे आयोजक कुंदन सर धुळ्याचे. त्यांनी आदल्या दिवशी नीट समजावलं होतं, "पाणी, मीठ-लिंबाचं सरबत आणि केळी. खेळाडूला दोन मिनिटांत पुढे काढायचं." नानांनी मान डोलावली. पण केळ्यांचे क्रेट बघून त्यांचा जीव तुटला. दमलेला माणूस डोंगर चढून आपल्या दारात येतो आणि त्याच्या हातावर केळं ठेवायचं? ते काय जेवण झालं? सरांचं वय लहान, घरात कोणी शिकवलं नसेल, असं म्हणून नानांनी त्यांना मनातल्या मनात माफ केलं आणि आपला जुना वाढपी उखर्डू याला निरोप धाडला.

शर्यतीच्या सकाळी केंद्रावर तुपातल्या बट्ट्या, घोटलेली वांग्याची भाजी आणि वरणाचं भलंमोठं पातेलं हजर! पातेलं जमिनीवर कलंडत होतं, म्हणून उखर्डूनं ते केळ्यांच्या क्रेटवर ठेवलं.

सगळ्यांत पुढे होता पाचोऱ्याचा नवल. धापा टाकत आला, पाण्याला हात घातला.

"बस भाऊ, दोन घास खाय."

"नको नाना, उशीर होईल."

आता आमच्याकडे पहिलं 'नको' कोणी मोजतच नाही. दुसरं मोजलं तर यजमानाचा अपमान. तिसऱ्याला नानांनी हात जोडले. पांढऱ्या मिशीचा माणूस हात जोडतोय म्हटल्यावर पोरगं काय करणार? बसलं. मागून आलेल्यांनी बघितलं, सगळ्यात पुढचा गडी पत्रावळीवर बसलेला! त्यांना वाटलं, इथं बसणं नियमातच आहे. तेही बसले. मेघाच्या पुढे असलेल्या चौघी बायकाही बसल्या.

नवल उठायला लागला.

"अरे, बाजूवाला जेवी राहिना अन् तू उठस?" नाना दुखावून म्हणाले.

बाजूवाल्याचं संपेपर्यंत त्याच्या पलीकडे नवा येऊन बसलेला. पंगत म्हणजे पंगत, सगळे उठल्याशिवाय एक उठत नाही. आणि मागचे येतच होते! उखर्डू तुपाची धार सोडत फिरत होता.

तेवढ्यात मेघा आली. तोंड सुकलेलं, पाय धुळीनं माखलेले. पत्रावळीकडे तिनं एकदाच पाहिलं. नाना घाईनं पुढे गेले.

"बेटा, पाव्हना जेवी राहिनात. तू घरनी शे, तू मांगेथीन जेव."

"सवय शे माले, नाना," मेघा म्हणाली. सरबताचा पेला तिनं रिकामा केला आणि चढाला लागली.

नाना वाढायच्या गडबडीत होते. पण ते वाक्य त्यांच्या कानात राहिलं.

पंगत उठली. ढेकर देऊन झाले. मग पुढचा उभा चढ समोर आला आणि बट्टीनं आपलं काम सुरू केलं. कोणी चालू लागलं, त्या चौघी केंद्रापाशीच बसल्या. नवल तर केंद्राशेजारच्या मोहाच्या झाडाखाली आडवाच झाला.

तासाभरानं कुंदन सर मोटरसायकल उडवत आले. "पुढच्या केंद्रावर एकच बाई पोचलीय, मेघा नावाची! बाकीचे गेले कुठे?" त्यांनी पत्रावळ्या पाहिल्या, मग नानांकडे पाहिलं. "ती मेघा तुमची कोण?"

"सून."

"वा! सगळ्यांना खाऊ घातलंत आणि घरची तेवढी पुढे काढलीत! मी तिचं नाव बाद करतोय."

आयुष्यभर ज्या आग्रहावर जगले, तोच आज सुनेच्या मुळावर आला होता. "माले काय म्हनशात ते म्हना," ते कसंबसं म्हणाले, "पन ती पोर उपाशी पळस! तिले मी घास दिधा नही!"

झाडाखालून आवाज आला. "सर, मला कोणी बांधून घातलं नव्हतं. तिसरी बट्टी मी मागून घेतली." नवल कोपरावर उठायचा प्रयत्न करत होता. "ती खरं धावली. आम्ही जेवलो. तिला बाद करू नका."

त्या चौघींनीही, जरा वेळानं का होईना, माना डोलावल्या. मेघाचं नाव कायम राहिलं आणि ती बायकांत पहिली आली.

संध्याकाळी ती लंगडत केंद्रावर आली. नानांनी स्वतः तिच्यासाठी पत्रावळ मांडली, बसवलं आणि पातेल्यात डाव घातला. डाव कोरडाच वर आला. बट्टी नाही, भाजी नाही, वरणाचा थेंब नाही. नाना पातेल्यात बघत उभे राहिले. मग त्यांनी पातेलं उचललं. खाली क्रेटमध्ये केळी होती, दबलेली, वरणाच्या उबेनं काळी पडलेली. त्यातल्या त्यात बरं केळं नानांनी सोलून पत्रावळीवर वाढलं. डोळे वर करायची हिंमत होईना.

मेघानं मोठा घास घेतला. "हाईच ते देनं व्हतं, नाना."

दोन दिवसांनी गावात सत्कार झाला, पेपरात फोटो आला. पारावर तो बघून लोक गोंधळले. ढाल घेतलेली मेघा सगळ्यांनी ओळखली, पण तिच्या बाजूला उभा असलेला तो गुळगुळीत तोंडाचा म्हातारा कोण, हे काही कळेना. शेवटी उखर्डूनं मेघालाच विचारलं.

"मन्हा सासरा शे," ती म्हणाली. "पैज हारनात."