कारण विचारू नका

"मला माफ करा," औषधवाला म्हणाला आणि त्याने रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट काउंटरवरून हेडमास्तरांपुढे सरकवलं.

निवृत्त हेडमास्तरांचा हात पाकिटापर्यंत पोचता पोचता थांबला. या दुकानात आजवर त्यांनी "चिठ्ठी कुठंय?", "सुटे द्या" आणि "पुढे व्हा" यापलीकडे काही ऐकलेलं नव्हतं. औषधवाल्याला सगळी गल्ली पाठीमागे कडूकाका म्हणत असे, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. गोड बोलायला मी काय मिठाईचं दुकान काढलंय, असं तो म्हणे.

"कशाबद्दल माफ करू?" हेडमास्तरांनी विचारलं.

"ते विचारू नका."

"म्हणजे?"

"कारण सांगता येणार नाही. तुम्ही फक्त माफ करा. मनापासून."

एवढं बोलून औषधवाला हसला. इतक्या वर्षांत त्याचे दात हेडमास्तरांनी आज पहिल्यांदा पाहिले. त्यांनी पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं.

"मागच्या आठवड्यात तुमच्याकडून नेलेल्यातली एक मी सकाळी घेतली आहे," ते सावकाश म्हणाले.

"छान. आता माफ केलंत की नाही, तेवढं सांगा."

"केलं," हेडमास्तर म्हणाले. वाद घालायची ही वेळ नव्हे हे त्यांना कळत होतं. मग ते दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि घरी न जाता थेट शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरले.

या सगळ्याच्या मुळाशी एक पुस्तक होतं. औषधवाल्याची बायको संध्याकाळी दुकानात येऊन आतल्या स्टुलावर बसे, बिलं करी, खण लावी. एका संध्याकाळी गर्दीच्या वेळी तिने काहीतरी सुचवलं आणि औषधवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला काय कळतंय? घरी जा." ती खरोखरच घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या उशाजवळच्या फळीवरून एक पुस्तक काढलं आणि त्याच्या डब्याच्या पिशवीत टाकलं.

"हे वाचून होईपर्यंत मी दुकानात पाय ठेवणार नाही," ती म्हणाली.

तिच्या फळीवर अशी बरीच पुस्तकं होती. एखादं मन शांत करणारं, एखादं श्रद्धा वाढवणारं, एखादं माणसाला आतून बदलणारं. औषधवाल्याने त्यांतलं एकही कधी उघडलं नव्हतं. या पुस्तकाच्या वेष्टनावर एक माणूस डोंगराच्या टोकावर दोन्ही हात पसरून उभा होता. हा पडणार, असं औषधवाल्याला वाटलं. मग सवयीने त्याने पुस्तक उलटं करून मुदत कधी संपते ते पाहिलं. मुदत दिलेली नव्हती, त्यामुळे मालाविषयीचा त्याचा संशय आणखी वाढला.

पण ते स्टूल रिकामं राहू लागलं. संध्याकाळी बिलं चुकू लागली, आणि खरं सांगायचं तर बिलांपेक्षाही त्याला ती नसल्याचं जास्त लागत होतं. शेवटी त्याने पुस्तक उघडलं. औषध घ्यायचं तर सांगितलेल्या मात्रेत आणि पूर्ण घ्यायचं, अर्धवट सोडायचं नाही, हे तो गिऱ्हाइकांना आयुष्यभर बजावत आला होता. पुस्तकालाही त्याने तोच नियम लावला. तिसऱ्या प्रकरणात सांगितलं होतं, 'रोज एका माणसाची क्षमा मागा. कारण सांगू नका. कारण हा अहंकाराचा वकील आहे.' औषधवाल्याने ही मात्रा हेडमास्तरांपासून सुरू केली.

त्याच दुपारी डॉक्टर दुकानात आले. हातात हेडमास्तरांचं पाकीट होतं.

"यांना काय दिलंत?"

"तुम्ही लिहिलं तेच."

डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, पाकीट पाहिलं, मागची मुदत पाहिली. सगळं बरोबर होतं. ते सुटकेचा श्वास सोडून वळले, तेवढ्यात औषधवाल्याला वाटलं, आता माणूस समोर आलाच आहे तर उद्याची मात्रा आजच घेऊन टाकावी.

"डॉक्टर, तुम्हीपण मला माफ करा."

डॉक्टर जागच्या जागी उभे राहिले. रोज याच काउंटरवर त्यांच्या अर्ध्या पेशंटांच्या चिठ्ठ्या येत असत. "किती जणांचं झालंय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आत्तापर्यंत दोघांचं," औषधवाला म्हणाला. "पण काळजी करू नका. हळूहळू सगळ्यांचं करणार आहे."

डॉक्टरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, ते फक्त दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला "औषधं कुठून घेता?" एवढंच विचारू लागले. सुतावरून स्वर्ग गाठायला लोकांना तेवढं पुरलं. हेडमास्तरांनी तर कोणालाच काही सांगणार नाही असं ठरवून सगळ्यांना सांगितलं होतं. दोन दिवसांत गल्लीतल्या घराघरांतून औषधांचे डबे खाली आले आणि बायकापुरुष चष्मे लावून बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचू लागले. कोणाला गोळीचा रंग फिका वाटला, कोणाला खोकल्याचं औषध पूर्वीपेक्षा गोड लागलं. आणि या दुकानातून गोड असं काही यावं, हीच मुळात संशयाची गोष्ट होती.

समोरच्या शिलाईवाल्या ताई धीर करून दुकानात आल्या.

"मी मागच्या महिन्यात इथून गुडघ्याला लावायचं मलम नेलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माझीही माफी मागायची आहे का?"

"मागायची आहे ना. पण तुमचा नंबर शुक्रवारी आहे."

ताईंचा तो गुडघा दुसऱ्या दिवशीपासून जास्तच दुखू लागला.

रस्त्यापलीकडे काचेच्या दारांचं आणि गार हवेचं एक नवं औषधांचं दुकान होतं. तिथला पोरगेला मालक आजवर मोबाइल बघत दिवस काढायचा. आता तिथे रांग लागली. पुस्तकात लिहिलं होतं, लोक दूर जातील तेव्हाही त्यांच्याकडे पाहून हसा. औषधवाला दारात उभा राहून रांगेतल्या ओळखीच्या माणसांकडे पाहून हसायचा. त्याची नजर चुकवायला माणसं एकमेकांच्या आड उभी राहायची. खाई त्याला खवखवे, असं हेडमास्तर रांगेत हळूच म्हणाले.

हे दुकान औषधवाल्याच्या वडिलांनी काढलेलं. गल्लीतल्या प्रत्येक आजारपणात त्याने औषध दिलं होतं, आणि चुकीचं औषध एकदाही दिलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात कमावली होती आणि ती डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून चालली होती. त्याला भीती वाटू लागली. पण पुस्तकात चौथ्या प्रकरणात 'भिऊ नका' असं लिहिलं होतं, म्हणून तो हसत राहिला.

"दुकान कसं चाललंय?" घरी बायकोने विचारलं. शिलाईवाल्या ताई तिच्याकडे दुपारीच येऊन गेल्या होत्या.

"शांतता आहे."

"आणि क्षमेचं प्रकरण?"

"चालू आहे. लांबच्या माणसांपासून सुरुवात केलीय."

"जवळच्यांपर्यंत कधी पोचणार?"

"पोचेन की," असं म्हणून त्याने तोंड पुस्तकात घातलं. हेडमास्तरांची माफी मागणं सोपं होतं, कारण त्यांचं त्याने काही बिघडवलंच नव्हतं. हिची मागायची तर कारण होतं, आणि तेच घशात अडकत होतं. बायको उठून फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. बहिणीशी बोलत असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध खात्याचे इन्स्पेक्टर बॅग घेऊन दुकानात हजर झाले.

"तक्रार आहे," ते म्हणाले. "एका बाईंचा फोन होता. दुकान पूर्ण तपासा म्हणाल्या. डावीकडच्या खालच्या खणात मुदत संपलेला माल लाल चिठ्ठ्या लावून वेगळा ठेवलेला असतो, तिथूनच सुरू करा म्हणाल्या."

औषधवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तो खण गिऱ्हाइकांना दिसतही नव्हता. कोण बाई असेल? मलमवाल्या ताई? पण त्यांचा नंबर तर अजून यायचा होता.

इन्स्पेक्टरनी तपासायला सुरुवात केली आणि बाहेर फुटपाथवर माणसं जमली. समोरची रांगही मोडून इकडे आली. हेडमास्तर सगळ्यांत पुढे होते. इन्स्पेक्टरनी खण उघडले, बाटल्या मोजल्या, बिलं ताडून पाहिली, थर्मामीटर लावून छोटा फ्रीज तपासला. कुठेही काही सापडेना. तसतसा त्यांचा चेहरा गंभीर होत गेला.

"इतकं नीट लावलेलं दुकान मी नोकरीत पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "मी येणार हे तुम्हाला आधी कोणी कळवलं होतं का?"

"नाही."

"मग तुम्ही लोकांची माफी कशासाठी मागत होता? बाहेर सगळे तेच सांगताहेत."

औषधवाल्याने नाइलाजाने काउंटरखालून पुस्तक काढलं. डोंगरावरचा माणूस हात पसरून सगळ्या गर्दीसमोर उभा राहिला.

"यात सांगितलंय म्हणून."

गर्दीत कुजबुज झाली. हेडमास्तर मान पुढे काढून म्हणाले, "साहेब, यांना सांगितलेलं यांनी आजवर कधी ऐकलेलं नाही. या पुस्तकाच्या आड कुठेतरी पाणी मुरतंय."

इन्स्पेक्टर पुस्तक चाळू लागले. डॉक्टरही दवाखान्यातून येऊन त्यांच्या खांद्यावरून वाचू लागले. औषधवाला काही बोलणार, तोच त्याचं लक्ष फ्रीजकडे गेलं. इन्स्पेक्टरनी तपासल्यावर दार तसंच अर्धवट उघडं टाकलं होतं. आत इन्शुलिनच्या बाटल्या होत्या.

"फ्रीज कोणी उघडा टाकला?" औषधवाला असा कडाडला की मागची माणसं दोन पायऱ्या खाली उतरली. "इन्स्पेक्टर आहात की पाहुणे? आतलं औषध गरम झालं तर ते टोचून घेणाऱ्याला काय पुस्तक वाचून दाखवाल? आणि डॉक्टर, तुम्ही शिकलेले ना? बाजूला उभं राहून बघताय काय? आणि हेडमास्तर, त्या काउंटरवर रेलू नका, काच आहे ती. चिठ्ठी असेल तर थांबा, नाहीतर घरी जा. सगळे घरी जा. तमाशा आहे का?"

त्याने धाडकन दार लावलं आणि थर्मामीटरपाशी नाक नेऊन उभा राहिला. मग हेडमास्तरांनी मोठा सुस्कारा सोडला.

"हां," ते समाधानाने म्हणाले. "हे आमचे कडूकाका. आता बरोबर आहेत. माझ्या गोळ्या द्या बघू."

"चिठ्ठी कुठंय?"

"ही घ्या," असं म्हणून हेडमास्तरांनी आनंदाने चिठ्ठी काढली. त्यांच्यामागे शिलाईवाल्या ताई उभ्या राहिल्या, ताईंच्या मागे आणखी लोक. पलीकडचा मालक काचेतून थोडा वेळ बघत राहिला आणि मग त्याने पुन्हा मोबाइल काढला. इन्स्पेक्टरनी कागदावर 'समाधानकारक' असा शेरा मारला आणि जाताना डोकेदुखीची एक गोळी विकत घेऊन गेले. सुटे नव्हते म्हणून त्यांनाही दोन शब्द ऐकावे लागले.

गिऱ्हाइकं परत आली तरी औषधवाला संध्याकाळी पडलेल्या तोंडाने घरी गेला. पुस्तकातली एवढ्या दिवसांची कमाई त्याने एका फ्रीजपायी घालवली होती. जित्याची खोड म्हणतात ती हीच. बायकोने ताट वाढलं. तो जेवायला बसला, पण घास उचलला नाही.

"मला माफ कर," तो म्हणाला.

"कारण सांगायचं नसतं ना?"

"यावेळी आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला काय कळतंय म्हणालो. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुकानाचे खण तू लावलेस. तो खालचा खण, त्या लाल चिठ्ठ्या, ती पद्धत तर तुझीच..."

तो बोलता बोलता थांबला. बायकोने आमटीचं भांडं पुढे ओढलं.

"केलं माफ," ती म्हणाली. "आता तुम्हीपण मला माफ करा."

"कशाबद्दल?"

"ते विचारू नका."

"अगं, पण तो फोन..."

"कारण हा अहंकाराचा वकील असतो. आमटी वाढू?"

"दुकान बंद झालं असतं माझं," तो हळूच म्हणाला.

"नसतं झालं. लोकांना तुमचं पटलं नसतं आणि माझं तर मुळीच नाही. सरकारी माणसाने सगळे खण बघायला हवे होते. त्यात काही सापडणार नाही हे मला ठाऊक होतं." तिने आमटी वाढली. "श्रद्धेचं प्रकरण सातवं आहे. तिथवर पोचलाच नाहीत अजून."

त्याने माफ केलं. कारण विचारलं नाही. आमटी मात्र पहिला घोट घेण्यापूर्वी त्याने जरा वास घेऊन पाहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्टुलावर बसली होती. हेडमास्तर आले, त्यांनी आधी आत तिच्याकडे पाहिलं आणि मग काउंटरपलीकडे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या औषधवाल्याकडे पाहिलं.

"वहिनी," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आज हे ठीक आहेत ना?"

"काळजी करू नका," ती बिलातून मान वर न काढता म्हणाली. "दुपारपासून तिघांवर खेकसलेत."

हेडमास्तरांनी तिथेच उभ्या उभ्या पाणी मागून घेतलं आणि गोळी घेऊन टाकली.