अकराची ओहोटी

एका जंगलात, मुलांनो, समुद्र फक्त पाचव्या धड्यात होता. मध्ये मोठा डोंगर असल्यामुळे तिथल्या कोणीही तो पाहिलेला नव्हता.

विज्ञान शिकवायला शेकरूबाई होत्या. पाचवा धडा आला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "ओल्या खडकांवर समुद्रफूल असते," त्या वाचायच्या.

"ते काय करतं, बाई?" ससुलं विचारायचं.

बाई पुढचं वाक्य वाचायच्या.

एकदा सिंहमहाराजांनी फर्मान काढलं. समुद्र शिकवणाऱ्यांनी समुद्रावर जावं, शिकावं, परीक्षा द्यावी. नापास होईल त्याचं विज्ञान काढून घेतलं जाईल. बाकीच्या गुरुजींनी कपाळाला हात लावला. बाईंनी गाठोडं बांधलं.

शिबिर अगदी किनाऱ्यावर होतं. मांडव होता, खुर्च्या होत्या, चहा होता. शिबिरप्रमुख गवासाहेबांनी फळ्यावर वेळापत्रक लिहिलं. सकाळी अकरा वाजता ओहोटी. दुपारी साहेबांचं भाषण, विषय 'समुद्राशी थेट संवाद'.

पहिल्या दिवशी अकराला खरंच ओहोटी होती. सगळे खडकांवर उतरले, ओळीत उभे राहिले, फोटो काढून वर आले.

मग ओहोटी रोज थोडी उशिरा येऊ लागली. आठवडा सरत आला, तेव्हा अकराला खडकच दिसेनात.

"साहेब, आज आपण दुपारी उतरू या का?" बाईंनी विचारलं. "तेव्हा पाणी ओसरलेलं असेल."

"दुपारी माझं भाषण आहे," गवासाहेब म्हणाले. "आणि ओहोटीला उशीर होत असेल, तर ती तिची चूक. आपण वेळेवर आहोत."

"बसा हो बाई," तरसगुरुजी कुजबुजले. "आज भजी आहेत."

बाई बसल्या. भाषण रंगात आलं, तेव्हा उठल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण भजी आली होती.

खाली खडकांत पाण्याची डबकी उरली होती. एका डबक्यात समुद्रफूल होतं. बाईंनी बोट लावलं. ते मिटलं. बाई थांबून राहिल्या. ते हळूहळू उघडलं.

"कोण आहे तिकडे?" कपारीतून खेकडा खेकसला.

"मी शिक्षिका आहे. शिकायला आलेय."

"मग वर जा की. शिकणं वर चाललंय. इथपर्यंत आवाज येतोय."

बाई गेल्या नाहीत. पाणी परत पोटाला लागेपर्यंत त्या तिथेच होत्या. ससुल्याला काय सांगायचं, ते आता त्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी तोंडी परीक्षा झाली. प्रश्न एकच होता. ओहोटी किती वाजता येते?

"अकरा," तरसगुरुजी म्हणाले. पास झाले.

बाईंची पाळी आली. गवासाहेब मनाने वाईट नव्हते. ते हळूच म्हणाले, "एक शब्द बोला आणि घरी जा, बाई. मुलं वाट बघत असतील."

बाईंनी पाहिलं. अकरा वाजले होते. लाटा मांडवात शिरल्या होत्या. साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले होते.

"रोज वेगळ्या वेळी," बाई म्हणाल्या.

नापास.

विज्ञान तरसगुरुजींकडे गेलं. बाईंना मातीकामाचा तास मिळाला, आणि ताकीद मिळाली, की विज्ञानाचा एक शब्दही बोलायचा नाही.

शाळेच्या प्रदर्शनासाठी बाईंनी मातीचा समुद्र केला, खडक आणि समुद्रफुलासकट. महाराज खूश झाले. "समुद्र असाच हवा," ते म्हणाले. "ठेवला तिथे राहतो."

ससुलं पुढे झालं. त्याने मातीच्या समुद्रफुलाला बोट लावलं. मग बाईंकडे पाहिलं.

बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी हाताचा पंजा पसरला आणि ससुल्यापुढे धरला. ससुल्याने तळव्याला बोट लावलं. मूठ मिटली. सगळे थांबले. मूठ हळूहळू उघडली.

थोड्याच वेळात अख्खा वर्ग मुठी मिटत होता आणि उघडत होता.

तरसगुरुजींनी सगळ्यांचे विज्ञानाचे गुण कापले.

तात्पर्य : समुद्र शिकण्यासाठी किनाऱ्यावर अवश्य जावे, पण मांडव सोडू नये. बाहेर पडल्यास समुद्र दिसतो, आणि एकदा तो दिसला की पास होणे अवघड जाते.