वळणावरची बकरी आणि सुटलेल्या फ्रेमा

निवृत्त झाल्यावर देवमनने कॉम्प्युटरवर बस चालवायचं ठरवलं, इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पुण्याच्या लेकीने, नीलमने, आपला जुना कॉम्प्युटर आणि पायाच्या ब्रेकसकट खेळातलं स्टिअरिंग अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरी पाठवलं, बस चालवायचा गेम टाकून दिला आणि एसटीत एकतीस वर्षं एकही अपघात न केलेला हा ड्रायव्हर पुन्हा ड्युटीवर रुजू झाला. बायको शालूही निवृत्त कंडक्टर. घाटाच्या गाडीवर तर अकरा वर्षं दोघं सोबतच होते. बिघडलं ते पुढे. आपलं ड्रायव्हिंग रेकॉर्ड करून आगारातल्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकायची बुद्धी त्याला झाली (बुद्धी म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं).

पहिला व्हिडिओ केला त्या दिवशी शालू बहिणीकडे अमरावतीला गेली होती. गेममधला घाट थेट दोघांच्या जुन्या गाडीच्या पातूरच्या घाटासारखा, आणि तिसऱ्या वळणावर दर खेपेला एक बकरी रस्त्यात यायची. व्हिडिओ ग्रुपवर पडला आणि पाच मिनिटांत सहदेवचा मेसेज आला. सहदेव हा आगारातला दुसरा ड्रायव्हर. त्याचे स्वतःचे अपघात दोनच, पण दुसऱ्यांचे त्याला तारखेसह पाठ.

"देवमनभाऊ, बकरी बसच्या समोर दिसते. मंग एकदम बस बकरीच्या पुढं दिसते. मधात काय झालं?"

देवमनने व्हिडिओ पुन्हा पाहिला. वळणावर चित्र क्षणभर थिजत होतं आणि लगेच बस पार पुढे पोचलेली. मधात काय झालं ते त्यालाही माहीत नव्हतं. बकरी दिसताच त्याने डोळे मिटले होते. (हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. आपणही ग्रुपवर टाकू नये.) गेमही साक्ष द्यायला तयार नव्हता. माणसाला धक्का लागला तर तो गुण कापायचा, जनावरं त्याच्या खिजगणतीत नव्हती.

ग्रुपवर फर्मान निघालं. रविवारी बारापर्यंत त्या वळणाचा अखंड व्हिडिओ आला नाही, तर देवमनच्या नावावर एक अपघात लावण्यात येईल. तसा तो थट्टेतच लावला जाणार होता, पण देवमनचं जेवण त्याच दिवसापासून अर्ध्यावर आलं.

रेकॉर्डिंगच्या खिडकीत सुटलेल्या फ्रेमांचा, म्हणजे रेकॉर्ड व्हायच्या राहिलेल्या चित्रांचा, आकडा दिसतो, हे नीलमने फोनवर सांगितलं होतं. तो आकडा शून्यावर आणायचा त्याने चंग बांधला. त्याने धूळ पुसली, बाकीचे सगळे प्रोग्राम बंद केले, रेकॉर्डिंग पेनड्राइव्हऐवजी कॉम्प्युटरमध्येच साठवायला लावलं. शेवटी मे महिन्यातल्या अकोल्यात कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे वळवलं आणि शालूचं बोलणं निमूट ऐकून घेतलं. आकडा दोनशे बारावरून दोनशे आठवर आला. घाटात शिरायची तर त्याची हिंमतच होईना, तो आपला घाटाच्या पायथ्यावरूनच गाडी वळवून परत यायचा.

नीलमने पुन्हा समजावलं, की गेमच मशीनची सगळी ताकद खाऊन टाकतो, रेकॉर्डिंगला काही उरत नाही. देवमन नुसता हं हं करत राहिला. शालूला मात्र लगेच उमगलं.

"लग्नसराईत गाडी खचाखच भरली का कंडक्टरले हलाले जागा नसते," ती म्हणाली. "मंग तिकिटं सुटतात. पयले गाडीतली गर्दी कमी करा."

मग गेममधल्या झाडांची पानं कमी झाली, सावल्या गेल्या आणि सेकंदाला तीसच फ्रेमा अशी मर्यादा बसली. स्पीड लॉकच्या, ठरावीक वेगापुढे न पळणाऱ्या गाड्या चालवलेल्या माणसाला ते परकं वाटलं नाही.

रविवारी अकरा वाजता देवमन माइकवाला हेडफोन कानांवर चढवून स्टिअरिंगवर बसला. शेजारी शालू, तिच्यासमोर कीबोर्ड. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर बकरी आली आणि एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून देवमनने डोळे मिटले.

उघडले तेव्हा बस जागच्या जागी उभी होती आणि हातभर अंतरावर बकरी सुखरूप. सुटलेल्या फ्रेमा, शून्य. ब्रेक आपल्याच पायाने लागला असणार, असं त्याने गृहीत धरून टाकलं. त्याला इतका आनंद झाला, की व्हिडिओ न पाहताच त्याने ग्रुपवर टाकला.

सहदेवचं उत्तर आलं. "बकरी वाचली. एकबी फ्रेम सुटली नाई. आवाजबी लय साफ हाये."

आवाज? देवमनने घाईने व्हिडिओ लावला. वळण आलं, बकरी आली, बस थांबली, आणि शेजारून शालूचा आवाज आला, "डोये उघडा आता. ब्रेकचं बटन दाबलं मी."

तो शालूकडे वळला. "तुले माईत होतं, मी डोये मिटतो?"

"घाटाच्या पयल्या दिवसापासून."

"मंग नोकरीत कावून नाई झाला अपघात?"

"पातूरच्या त्या वयनावर मी रोज एक घंटी मारत होती."

एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. अकरा वर्षं त्याने ती इमानाने थांबवली होती.

"मले वाटे, कोणी उतरून राहिलं."

शालूने कूलरचं तोंड पुन्हा आपल्याकडे वळवलं.

"त्या जंगलात कोण उतरते?"