तीन थडग्यांतली एकच बाई

चार हजार वर्षांपूर्वीचा तो दणकट योद्धा बाई निघाला, ही बातमी सूनबाईने साहेबांना भीतभीतच सांगितली. सगळी प्रयोगशाळा तिला सूनबाईच म्हणायची, कारण तिचा नवरा तिच्या आधी तिथे लागला होता आणि तीही इथे लग्न होऊन आल्यासारखीच आली होती. ती जुन्या दातांतून डीएनए काढायची, तो शेजारच्या खोलीत त्याची आकडेमोड करायचा, आणि कोण माणसं कुठून कुठे गेली हे दोघं मिळून शोधायचे.

"राणी!" साहेब खुर्चीतून उठलेच. "तलवारीसकट पुरलेली राणी!"

"पण सर, कमरेचं हाड पुरुषाचं आहे."

"हाडं फसवतात गं. डीएनए खोटं बोलत नाही."

"आणि डीएनए फारच चांगला आलाय. इतक्या वर्षांत त्याचे तुकडे पडतात, कडा झिजतात. हा अगदी धडधाकट आहे."

"याला म्हणतात माती! आपल्या मातीचा गुण आहे हा."

"मला तर कालचाच वाटतोय," दारातून नवरा म्हणाला.

"बघ, हासुद्धा तेच म्हणतोय!" साहेब म्हणाले. माणसाला राणी हवी असली की त्याला टोमणेसुद्धा टाळ्यांसारखे ऐकू येतात.

दुसरा दात हजार वर्षांनंतरच्या थडग्यातला होता. तीही बाईच निघाली, तीही तितकीच ताजी. दोघींची मुळं डोंगरापलीकडच्या खोऱ्यात सापडत होती. साहेबांनी एका झटक्यात पलीकडून आलेल्या राण्यांचं घराणं उभं केलं आणि शुक्रवारी वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून टाकलं. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. तिसऱ्या दाताचा निकाल अजून यायचा होता.

तो घेऊन नवरा स्वतःच आला.

"सर, घराणं वगैरे काही नाही. या तिघी एकच बाई आहेत."

"म्हणजे सारख्या आहेत?"

"सारख्या नाहीत, एकच. एकच बाई तीन वेळा मेलीय. हजार हजार वर्षांनी."

साहेबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "तिळ्या असतील?"

"हजार वर्षांच्या अंतराने? मग त्यांच्या आईचाच सत्कार करू या."

आता मात्र साहेब मटकन खाली बसले. असल्या प्रयोगशाळेला मेलेल्या माणसांची भीती नसते, भीती असते ती जिवंत माणसांची. कुणी शिंकलं, कुणाचा केस पडला, की हजारो वर्षांचा पाहुणा बाजूला राहतो आणि शिंकणाराच यंत्रात जाऊन बसतो. म्हणून तर सगळे नखशिखांत पांढरे झगे घालून वावरत, आणि उद्या चोर सापडावा म्हणून प्रत्येकाचा डीएनए संगणकात आधीच ठेवलेला असे.

संगणकाला विचारलं. तो म्हणाला, पूर्ण कुणाशीच जुळत नाही. अर्धा मात्र जुळतो, आकडेमोड करणाऱ्याशी.

"अर्धा म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "बहीण याला नाही, म्हणून ही बाई एकतर याची आई, नाहीतर याची मुलगी."

दोघांना मूलबाळ नव्हतं. सूनबाईने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"अगं, अशी काय बघतेस! आईकडून येणारा भाग बघ ना आधी! तो माझ्याशी जुळतोय. मुलगी असती तर तिचा तिच्या आईशी जुळला असता, माझ्याशी कशाला?" इतकी जलद आकडेमोड त्याने नोकरीत कधी केली नव्हती.

सूनबाईच्या जिवात जीव आला, पण फार वेळ टिकला नाही. मुलगी नाही म्हणजे आई. आणि आई म्हणजे सासूबाई.

आणि सासूबाई म्हणजे त्या पिशव्या! प्लास्टिकमध्ये दातांना बुरशी धरू लागली म्हणून साध्या सुती पिशव्या हव्या होत्या, आणि सासूबाईंचा शिवणात हात बसलेला. लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्यांनी सुनेला कधी आपली म्हटलं नव्हतं. आपण मूळचे इथलेच, रक्तात बाहेरचा एक थेंब नाही, याचा त्यांना कोण अभिमान! सूनबाई पडली डोंगरापलीकडची. तिच्या हातून पेला निसटला तरी त्या सुस्कारा टाकत, "चालायचंच. पलीकडची माणसं." पण पिशव्यांचं नाव काढताच त्यांची कळी खुलली. आठवडाभर दोघी शेजारी बसून गप्पा मारत होत्या. शिवून झाल्यावर पिशव्या औषधाच्या पाण्यात धुवायच्या हा प्रयोगशाळेचा नियम. सूनबाईने बादली काढली, तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हातच्या वस्तू परत धुणार? मी काय घाणेरडी आहे?" झालं. सूनबाईने बादली जागच्या जागी ठेवली. दात इतके ठिसूळ होते की पुढे घासून पुसायचीही सोय नव्हती.

"शुक्रवारी मी काय सांगू?" साहेब ओरडले. "आमच्या आकडेवाल्याच्या मातोश्री चार हजार वर्षांच्या आहेत म्हणून?"

"सर, आईंची थुंकी तपासायला मिळाली तर त्यांचा भाग यातून वजा करता येईल," सूनबाई म्हणाली. "उरेल ते खरं. दात वाचतील."

"मग आणा थुंकी!"

आणा म्हणायला सोपं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली तेव्हा नवरा म्हणाला, "मी जरा आंघोळ करून येतो." सकाळची आंघोळ त्याने तिच्यादेखत केली होती.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सूनबाई शेजारी बसली. आठवडाभराची ती मैत्री आता संपणार म्हणून तिला खरोखर रडू येत होतं.

"आई, त्या पिशव्या शिवताना तुम्ही दोरा कशाने तोडत होतात?"

"दाताने. कात्री कोण शोधत बसतंय? का, उसवल्या?"

सूनबाईने मग सगळं सांगितलं. सासूबाईंच्या हातातली घडी तशीच राहिली.

"म्हणजे त्या मेलेल्या माणसांना माझी थुंकी लागली?"

"हो."

"अगं बाई! काय वाटलं असेल बिचाऱ्यांना!"

"चूक माझीच आहे, आई. धुवायला हव्या होत्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही धुतल्या."

"मग तोंडावर सांगायचंस ना. मी काय खाते का तुला?"

यावर खरं उत्तर देण्यात अर्थ नव्हता. सासूबाईंनी घडी बाजूला ठेवली.

"बरं, ते यंत्र माझ्याबद्दल काय म्हणालं?"

तीन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहावी तो असा आयता ताटात वाढून आला होता. पण सूनबाईला आनंद होईना. या वयात बाईच्या पायाखालची माती काढून घ्यायची म्हणजे काय! ती चाचरतच म्हणाली, "यंत्र म्हणतं, तुमची मुळं डोंगरापलीकडची आहेत. आमच्याच खोऱ्यातली."

न्हाणीघराचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

"नक्की?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"तिन्ही दातांत तेच आलं."

सासूबाई सरकून जवळ आल्या. मग त्यांनी सुनेचा हात धरला. "म्हणजे तू माझ्या माहेरची की गं! इतकी वर्षं घरात वावरतेस आणि मला पत्ता नाही!" त्यांचे डोळे खरंच पाणावले होते. सूनबाई तर रडायलाच लागली. पलीकडची पोर म्हणून आलेली ती एका नळीभर थुंकीने घरची झाली. नळी सासूबाईंनी काठोकाठ भरून दिली, कमी पडायला नको म्हणून.

दात वाचले. योद्धा पुन्हा पुरुष झाला आणि साहेब चार दिवस राणीचं सुतक पाळल्यासारखे वावरले.

थुंकी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सूनबाईने गुणगुणतच चहा केला. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा काय चहा झाला? नुसतं गरम पाणी."

"आई, मी रोज असाच करते."

"माहीत आहे गं. परक्याची पोर, तिला कशाला बोला, म्हणून तीन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले होते," सासूबाई पदर खोचत उठल्या. "आता आपलीच निघालीस, आता कसला आडपडदा? चल स्वयंपाकघरात. डब्यांपासून सुरुवात करू."